ट्यूनिंगवाला लूप अँटेना: काही महिने घरी आणि मग समुद्रकाठी

हा लूप घेताना अपेक्षा एवढीच होती की खिशातल्या डीएसपी (म्हणजे सिग्नल चिपमध्ये आकड्यांनी हाताळणाऱ्या) रेडिओवर रात्रीची लांबची मीडियम वेव्ह स्टेशनं जरा खणखणीत यावीत. काही महिने घरी वापरला, मग समुद्रकाठच्या सहलीत लांब वायरीच्या अँटेनाच्या तुलनेत उभा करून पाहिला. आता मत असं आहे की सिग्नल वाढवणं हे याचं दुय्यम काम. नको असलेलं स्टेशन गप्प करणं हे मुख्य.

रचना साधी आहे. चौकटीवर तारेचे वेढे आणि त्यांना जोडलेला गँग कंडेन्सर (नॉबने पट्ट्या फिरवून ट्यूनिंग बदलणारा भाग). बॅटरी नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही, रेडिओला वायर जोडायचीही गरज नाही. रेडिओ शेजारी असा ठेवायचा की आतला फेराइट रॉड (रेडिओचा स्वतःचा अँटेना असलेली कांडी) लूपच्या मधोमध आरपार जाणाऱ्या रेषेला समांतर राहील, आणि नॉब सावकाश फिरवायचा. नेमकी जागा आली की खरखर एकदम फुगते आणि तिच्यातून बोलणं वर येतं. ही जागा फार अरुंद असते, विशेषतः बँडच्या खालच्या टोकाला. शेजारच्या स्टेशनवर गेलात की पुन्हा नॉब. त्यात नॉबला गिअर नाही आणि हात जवळ नेला की ट्यूनिंग सरकतं. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. झरझर बँड चाळणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

डीएसपी रेडिओची एक खोड सांभाळावी लागते. स्टेशन बदलताना तो आपला आतला अँटेना स्वतःच जुळवून घेतो, पण तुम्ही लूप नंतर हलवलात तर त्याला पत्ता नसतो. म्हणून लूप जुळला की रेडिओ एक पायरी पुढे नेऊन परत आणायचा. सिग्नलचा आकडा बहुतेक वेळा थोडा चढतो.

घरी खरा उपयोग झाला तो दिशेचा. लूपची कड स्टेशनकडे असेल तर सिग्नल जास्तीत जास्त येतो, सपाट तोंड त्याच्याकडे वळवलं की जवळजवळ नाहीसा होतो. दिवसा जवळच्या दणदणीत स्टेशनाला असं बुजवता येतं आणि त्याच्याखाली दबलेलं दुसरं वर येतं. चार्जर आणि एलईडी दिव्यांची भुणभुणही बरीच कमी होते, अर्थात ती एकाच बाजूने येत असेल तर. रात्री मात्र सिग्नल बुजण्याचा हा खड्डा उथळ होतो, कारण सिग्नल आयनोस्फिअरवरून (वातावरणातल्या उंच, विद्युतभारित थरांवरून) परतून वरून उतरतो आणि त्याचा कोन बदलत राहतो. लूप थोडा तिरका धरला तर काही वेळा जमतं, काही वेळा नाही.

समुद्रावर गणितच वेगळं. खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला साधारण 5 सिमेन्स, सामान्य जमिनीची 0.001 ते 0.01. त्यामुळे पाण्यावरून येणारी लहर वाटेत फारशी झिजत नाही, आणि क्षितिजालगतच्या कोनातून येणारा सिग्नलही काठावर जास्त भरतो. 1000 किलोहर्ट्झला एक वेव्हलेंथ 300 मीटर, म्हणजे अशा काहीच वेव्हलेंथ आत सरकलात की फायदा ओसरू लागतो. भर दुपारी पाण्याच्या कडेला जे पलीकडचं स्टेशन नुसत्या रेडिओवर शब्दन्‌शब्द कळत होतं, ते किलोमीटरभर आत लूप लावूनही धड लागेना. जागेपुढे अँटेनाची मिजास चालत नाही.

लांब वायर वाळूवर पसरली होती. आवाज भरपूर, दिशा काहीच नाही, सगळा बाजार एकदम. बेव्हरेज अँटेना (जमिनीलगत ताणलेली खूप लांब वायर, हॅरॉल्ड बेव्हरेजचं पेटंट 1921 चं) समुद्रकाठी भारी चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तो चालतो तो खराब वाहक जमिनीमुळे, कारण तिच्यावरून जाताना लहर थोडी पुढे कलते आणि वायर तोच कल पकडते. ओल्या खाऱ्या वाळूवर कल जवळजवळ नसतोच.

सगळ्यात मजा पहाटे आली. आयनोस्फिअरचा डी थर दिवसा मीडियम वेव्ह शोषून घेतो. अंधारात तो विरलेला असतो, उजाडल्यावर तो पुन्हा बनू लागतो आणि त्याच्या आगेमागे काही मिनिटं लांबची स्टेशनं अचानक उसळतात. 1978 पासून आशिया, युरोप, आफ्रिकेत स्टेशनं 9 किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत, अमेरिका खंडांत 10 च्या. म्हणून 1550 वर (9 ने भाग जात नाही, 10 ने जातो) काही लागलं तर ते कुठल्या बाजूचं याचा अंदाज तिथेच येतो. पण शेजारी 1548 जोरात असेल तर 2 किलोहर्ट्झची शिट्टी डोकं उठवते. लूपचं तोंड 1548 कडे केलं, रेडिओ अप्पर साइडबँडवर (सिग्नलची फक्त वरची, 1548 पासून दूरची बाजू ऐकण्यावर) टाकला, तेव्हा शिट्टी मागे सरली आणि एका बाईचा आवाज हलत-डुलत पुढे आला. तासाच्या ठोक्याला स्टेशनचं नाव सांगतील म्हणून कान लावून बसलो, तर नेमकं तेव्हाच फेडिंग, म्हणजे सिग्नल ओसरला. या छंदात हे ठरलेलंच.

एक टोचणारी गोष्ट: वाऱ्यात चौकट थरथरते आणि ट्यूनिंगही तिच्याबरोबर. खाली दगड ठेवला तर बरं. खारी हवा गँगच्या पट्ट्यांना लागते, तेव्हा परत आल्यावर मऊ ब्रशने झाडून, कोरड्या जागी ठेवावा. ढग गडगडत असतील तर मात्र लांब वायर उघड्यावर पसरूच नका.