‘३००+३०० वॉट’ लिहिलेला ॲम्प्लिफायर घेण्याआधी हे वाचा

ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या डिजिटल ॲम्प्लिफायरच्या नावाखाली माझी सरळसरळ फसवणूक झाली. पैसे भांडून परत मिळवले, पण त्या नादात स्पीकरचा एक ट्वीटर (बारीक, उंच आवाज काढणारा छोटा भाग) गेला. तोच डबा आज दुसऱ्या नावाने विकायला आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

घरात ८ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध) बुकशेल्फ स्पीकर आहेत. जुना रिसीव्हर बंद पडल्यावर क्लास-डी ॲम्प्लिफायर घ्यायचं ठरवलं. हा प्रकार मुळात चांगलाच आहे. वीज कमी खातो, फारसा तापत नाही, पुस्तकाएवढ्या जागेत मावतो. जाहिरातीत लिहिलं होतं: टीपीए३२५५ चिप, ३००+३०० वॉट, ॲडॉप्टरसह. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही चिप खरोखर नावाजलेली आहे आणि ४ ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे (म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला) ३१५ वॉट देते, हेही खरं. पण तो आकडा ५० व्होल्टच्या आसपासच्या सप्लायवरचा आणि तोही १० टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली विकृती, धरून दिलेला. जाहिरातीत यातलं अवाक्षर नव्हतं.

हळू आवाजात डबा बरा वाजायचा. जरा आवाज वाढवला आणि भजनात पखवाजाची थाप पडली की आवाज फाटायचा, समोरचा निळा दिवा विझायचा आणि क्षणभराने परत लागायचा. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, “सर, तुमच्या स्पीकरमध्ये प्रॉब्लेम आहे.” मग, “टेक्निशियन फोन करेल.” मग, “उद्या नक्की करेल.” असं गोड बोलत त्याने परत करण्याची मुदत उलटू दिली. मुदत संपली त्याच संध्याकाळी मेसेज आला: पाच स्टारचा रिव्ह्यू टाका, निम्मे पैसे यूपीआयने पाठवतो. हा त्यांचा ठरलेला धंदा आहे, हे तिथे कळलं. त्या वस्तूखाली दिसणारे कौतुकाचे रिव्ह्यू कुठून येतात, तेही.

तोवर डावा ट्वीटर गप्प झाला होता. डबा घेऊन पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चार स्क्रू काढले, हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) उचललं आणि भिंग माझ्या हातात दिलं. चिपवरचा नंबर घासून टाकलेला होता. पॉलिश पेपरच्या बारीक आडव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. मग त्यांनी सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) बोट ठेवलं. “हे वाचा. २५ व्होल्ट. ५० व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डाला हा लावला तर फुटेल.” त्यांच्या मते आत टीपीए३११६ किंवा तिची नक्कल असावी. टीपीए३११६ ही चिपही वाईट नाही. पण तिच्या कंपनीचाच दावा ४ ओहमवर चॅनलमागे ५० वॉटचा आहे, ३०० चा नाही.

खरी लबाडी मात्र ॲडॉप्टरमध्ये होती. लेबलवर २४ व्होल्ट, ५ ॲम्पिअर. काकांनी लोड लावून मल्टीमीटर धरला, तर व्होल्टेज १६ च्या खाली घसरलं. लेबलवरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला, तर तो नोंदणीत सापडलाच नाही. असलं ॲडॉप्टर रात्रंदिवस प्लगमध्ये राहणार असतं, आणि घरात लहान मुलं असतात. मला ट्वीटरपेक्षा याचाच जास्त राग आहे.

हिशेब अगदी सोपा आहे. २४ गुणिले ५ म्हणजे १२० वॉट. लेबल खरं धरलं तरी दोन्ही चॅनल मिळून त्याहून जास्त वॉट सलग बाहेर येऊच शकत नाहीत, उलट थोडे उष्णतेत जातात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि २४ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात ३० वॉटच्या आसपासच मिळतात. घरच्या हॉलला तेवढे पुरतातही. वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. म्हणजे प्रामाणिकपणे ‘३० वॉट’ लिहिलं असतं तरी मी तो घेतला असता.

कमी ताकदीचा ॲम्प्लिफायर ओढून-ताणून वाजवला की सिग्नलची टोकं कापली जातात आणि ट्वीटरवर नको तेवढा भार येतो. माझा तसाच जळला असावा, असं काकांचं म्हणणं. नवा बसवायचा खर्च मलाच आला.

पैशांसाठी आधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढावी लागते. नुसत्या पोचेपलीकडे काही हललं नाही, तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. घासलेल्या चिपचा फोटो, मल्टीमीटरचा व्हिडिओ आणि रिव्ह्यूसाठी पैसे देऊ करणारा मेसेज जोडला. त्यानंतर रक्कम परत आली. तो मेसेज मी डिलीट केला नव्हता, याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

तुम्ही घेणार असाल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून ॲडॉप्टरच्या लेबलचा स्पष्ट फोटो मागा आणि व्होल्ट-ॲम्पिअरचा गुणाकार करा. १ टक्का डिस्टॉर्शनला, तुमच्या स्पीकरच्या ओहमवर किती वॉट मिळतात, ते लेखी विचारा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या. डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि पहिल्याच दिवशी मोठ्या आवाजात तासभर वाजवून बघा. काही खटकलं तर टेक्निशियनच्या फोनची वाट न पाहता लगेच ‘रिटर्न’चं बटण दाबा.

सध्या तो डबा ‘४००+४०० वॉट’ म्हणून दिसतोय. फोटो तेच आहेत, ॲडॉप्टरच्या लेबलचा एकही नाही.