लघवीची पिशवी काढायची की राखायची?

लघवीच्या पिशवीचा कॅन्सर अस्तरापुरता असेल तर बहुतेकांचं दुर्बिणीतून गाठ खरवडून आणि पिशवीत बीसीजी (क्षयाच्या लसीतलं औषध) किंवा केमोचं औषध सोडून भागतं. पिशवी काढायचा प्रश्न येतो तो मुख्यतः कॅन्सर स्नायूत शिरल्यावर. म्हणून आधी बायॉप्सीचा रिपोर्ट नीट वाचा. तपासलेल्या तुकड्यांत स्नायूच आला नसेल, तर ‘स्नायूत शिरकाव नाही’ यावर विसंबता येत नाही. सहसा पुन्हा खरवडून पाहतात.

ऑपरेशनचा मार्ग जुना आणि पक्का. पिशवीसोबत लसिकाग्रंथी, पुरुषांत प्रोस्टेट, स्त्रियांत अनेकदा गर्भाशयही निघतं. किडनी धड असेल तर त्याआधी सिस्प्लॅटिनची केमो देतात; ती टाळू नये. खरा बदल होतो रोजच्या जगण्यात. आतड्याच्या छोट्या तुकड्यातून लघवी पोटावरच्या बॅगेत आणतात, नाहीतर आतड्याचीच नवी पिशवी शिवतात. नवी पिशवी ऐकायला छान वाटते, पण ती भरल्याचं पहिल्यासारखं कळत नाही. घड्याळ लावून रिकामी करावी लागते, रात्री गळू शकते, काहींना स्वतः नळी घालावी लागते. किडनी कमजोर असेल किंवा हात थरथरत असतील तर बॅगच बरी, असं मला वाटतं. पुरुषांत ताठरता बऱ्याचदा जाते. हा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही काढा.

पिशवी राखायची तर गाठ होईल तितकी खरवडून 4 ते 7 आठवडे रेडिएशन आणि सोबत केमो. पण हे सगळ्यांना लागू नाही. गाठ एकच असावी, जमल्यास पूर्ण निघालेली असावी, तिच्यामुळे किडन्या फुगलेल्या नसाव्यात, अस्तरात कॅन्सर जागोजागी पसरलेला नसावा. आणि पिशवी मुळात नीट चालणारी हवी. दर अर्ध्या तासाला पळावं लागत असेल तर ती राखून काय मिळवलं? 2023 साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात पिशवी काढलेल्या आणि राखलेल्या अशाच निवडक 722 रुग्णांची तुलना आली. कॅन्सर दूर पसरण्यात दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. मात्र कोणी कोणता उपचार घ्यायचा हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. राखणाऱ्यांपैकी 13 टक्क्यांना पुढे पिशवी काढावीच लागली. रेडिएशननंतरचं हे ऑपरेशन जास्त किचकट असतं. दुर्बिणीची तपासणीही वर्षानुवर्षं सुटत नाही. ती चुकवणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

अटींत बसत असाल, तर रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय सर्जनला होकार देऊ नका. ही भेट याच आठवड्यात उरका. आधी केमो घ्यायची नसेल, तर निदानापासून ऑपरेशन तीन महिन्यांपुढे रेंगाळलं की निकाल बिघडतात.