गाण्यांचा फोल्डर डिलीट झालाय? रिकुव्हा, फोटोरेक की विंडोजचं स्वतःचं टूल, आणि मग फोल्डर लावायचे कशाने

आधी हे बघा की उडालेल्या फोल्डरात नक्की होतं काय. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांची भैरवी असेल तर ती १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानाच्या तबकडीवर गेलेली, कॉप्या जगभर आहेत, परत मिळेल. पण गोव्यात वास्कोच्या दामोदर सप्ताहात मोबाइलवर घेतलेलं भजन, घरच्या चवथीच्या घुमट आरत्या, जत्रेतल्या नाटकात गावातल्याच कोणीतरी म्हटलेली पदं, हे बहुतेक वेळा फक्त तुमच्याच डिस्कवर असतं. खालची सगळी तुलना मी या दुसऱ्या प्रकारासाठी करतेय, कारण पहिल्याचं नुकसान भरून निघतं, याचं नाही.

रिसायकल बिन तुम्ही बघितलीच असणार. शिफ्ट दाबून डिलीट केलं असेल किंवा पेनड्राइव्हवरून उडालं असेल तर तिथे काही सापडत नाही. फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला सिंक असेल तर त्यांच्या वेबसाइटवरच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं, ते आजच मोबाइलवरून बघा. आणि प्लेअरमधून गाणं काढलं असेल तर कधी कधी ते फक्त लायब्ररीच्या यादीतून जातं, फाइल डिस्कवर तशीच असते, तेव्हा घाबरण्याआधी एकदा नावाने सर्च मारा.

मग प्रश्न डिस्कचा. नव्या लॅपटॉपात एसएसडी असते, आणि तिच्यात ट्रिम नावाची सोय चालू असते म्हणजे डिलीट केलेली जागा डिस्क स्वतःच आतून साफ करून टाकते, तिथे कुठलंही सॉफ्टवेअर फार काही देत नाही, पैशाचंसुद्धा नाही. जुन्या हार्डडिस्कचं तसं नाही, तिथे वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत डेटा पडून असतो, म्हणून त्या कॉम्प्युटरवर आता डाउनलोड नको, सिनेमा बघणं नको, ब्राउझरसुद्धा नको. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, बंद करून जाणकाराकडे द्या.

आता मुख्य निवड, म्हणजे डिलीट झालेल्या फाइली परत काढणाऱ्या तीन सॉफ्टवेअरमधली. रिकुव्हा आणि विंडोजचं स्वतःचं टूल विंडोज फाइल रिकव्हरी ही दोन्ही आधी डिस्कच्या नोंदवहीतून शोधतात, म्हणजे डिलीट झालेल्या फाइलचं नाव आणि कुठल्या फोल्डरात होती ते अजून नोंदलेलं असेल तर तसंच परत देतात. फोटोरेक नोंदवही बघतच नाही, ते डिस्कचा तुकडा न तुकडा वाचून फाइलची सुरुवात कशी दिसते त्यावरून ओळखतं. त्यामुळे फॉरमॅट झालेल्या डिस्कवरूनही ते फाइली काढतं, पण नावं जातात, फोल्डर जातात, हाती येतात आकडी नावांच्या शेकडो फाइली. विकत घेतलेल्या एमपीथ्रीला हे चालतं, कारण गायक-अल्बम आत टॅगमध्ये लिहिलेलं असतं. मोबाइलच्या रेकॉर्डिंगला मात्र टॅग नसतो, तुम्ही दिलेलं 'आरती २०१६ काकांचं घर' हे फाइलचं नाव हीच तिची मुख्य ओळख. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, घरच्या रेकॉर्डिंगसाठी आधी नाव राखणारं टूल, आणि त्यातून जे सुटलं तेवढ्यासाठीच फोटोरेक.

रिकुव्हा की विंडोजचं, तर रिकुव्हा. फुकट आहे, माऊसने चालतं, सेटिंगमध्ये फोल्डरची रचना तशीच ठेवायचा पर्याय आहे तो टिक करा, आणि मोठी गोष्ट म्हणजे त्याची पोर्टेबल आवृत्ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमध्ये घेऊन तिथूनच चालवता येते, म्हणजे ज्या डिस्कवरून गाणी गेली तिच्यावर नवीन काही बसत नाही. मायक्रोसॉफ्टचं टूल २०२० मध्ये आलं, तेही फुकट आणि चांगलं आहे, पण ते स्टोअरमधून इन्स्टॉल करावं लागतं आणि काळ्या खिडकीत कमांड टाइप कराव्या लागतात, सवय नसेल तर ऐन टेन्शनमध्ये ते करू नका. कुठलंही घ्या, परत आलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवा.

फोटोरेक चालवायची वेळ आलीच तर फाइलचे प्रकार मर्यादित करा, नाहीतर ब्राउझरची सगळी चित्रंसुद्धा उकरून काढेल. मोबाइलच्या एम४ए फाइली तिथल्या यादीत एमओव्हीच्या गटात येतात, त्याला टिक हवी. अर्धवट मिळालेली एमपीथ्री बहुतेक वाजते, जिथे खराब तिथे खरखर करून पुढे जाते. एम४एचं तसं नाही, तिची अनुक्रमणिका असलेला भाग गेला तर प्लेअर ती उघडतही नाही. आणि निनावी एम४ए कुठली हे कळायला ती मीडियाइन्फो या फाइलची आतली माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, बऱ्याचदा रेकॉर्डिंगची तारीख आत मिळते, फक्त ती वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची असू शकते, त्यामुळे रात्री १ वाजताची आरती आदल्या दिवसाची दिसेल.

एक काम मात्र कोणीच आधी करत नाही. प्लेअरमधल्या 'सापडत नाहीत त्या फाइली काढा' या बटणाला हात लावू नका. न सापडणाऱ्या गाण्यांपुढे प्लेअर दाखवतो ती लाल-करड्या खुणांची यादीच तुम्हाला सांगते काय काय गेलंय. एमथ्रीयू प्लेलिस्ट (गाण्यांची यादी साठवणारी साधी फाइल) नोटपॅडमध्ये उघडा, प्रत्येक फाइलचा पत्ता तिथे मिळतो. फाइली त्याच नावाने त्याच जागी परत ठेवल्या की प्लेलिस्ट आणि रेटिंग आपोआप जुळतात.

फोल्डर लावायला पिकार्ड, एमपीथ्रीटॅग आणि म्युझिकबी. पिकार्ड गाण्याचा आवाज ऑनलाइन डेटाबेसशी ताडून नाव शोधतं, इंग्रजी आणि हिंदी गाण्यांचा संग्रह मोठा असेल तर वेळ खूप वाचतो, पण नाट्यगीतांना कमी लागू पडतं आणि घरच्या आरत्यांना तर नाहीच, उलट चुकीचं नाव चिकटवलं तर निस्तरणं अवघड, म्हणून त्याच्या हाती फक्त बाजारातली गाणी द्या. एमपीथ्रीटॅगमध्ये तुम्ही स्वतः लिहायचं, एकदम शंभर फाइली निवडून अल्बम 'चवथ २०१६' टाका आणि टॅगवरून फाइलचं नाव व फोल्डर दोन्ही बनवून घ्या, देवनागरी चालतं. म्युझिकबी स्वतःच फोल्डर हलवतं, ऐकायला ते झकास आहे पण ही सोय मी बंद ठेवायला सांगेन, कारण टॅग नसलेल्या सगळ्या फाइली ते एकाच अनोळखी ढिगात टाकू शकतं आणि तुम्ही वर्षानुसार लावलेलं मोडतं. घरच्या रेकॉर्डिंगला वेगळा फोल्डर करा आणि कुठल्याही प्लेअरला तो फक्त वाचू द्या.

बॅकअपसाठी क्लाउड की बाहेरची हार्डडिस्क, तर या फोल्डरासाठी दोन्ही. नुसता सिंक पुरत नाही, इकडे डिलीट झालं की तिकडेही होतं. बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून ठेवा, पावसाळ्यात आपल्याकडच्या दमटपणात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात, आणि जुन्या सीडी असतील तर त्या आधी कॉपी करा कारण बुरशी धरलेली सीडी रिकुव्हा परत आणत नाही.