रेवदंडा की रत्नागिरी: हेरिटेज वॉकसाठी एकच दिवस असेल तर

दिवाळी उलटली की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. समुद्र, मासे, मोदक सगळं करून झालेलं असतं. आता "काहीतरी जुनं बघायचंय, पण सोबत सांगणारं कोणीतरी हवं." मग रेवदंडा की रत्नागिरी यावर घरात खल सुरू. दोन्ही ठिकाणी मी एकटाही हिंडलोय आणि माहितगाराबरोबरही, म्हणून लिहितोय.

आधी रेवदंडा, कारण माझा जीव तिथे जास्त आहे.

रेवदंड्याच्या कोटाला आगरकोटही म्हणतात आणि आत शिरलं की खरोखरच आगर दिसतं. नारळी-पोफळी, विहिरी, पंपाची घरघर आणि मधूनच झाडांच्या वर डोकावणारी एखादी चर्चची कमान. पोर्तुगिजांनी 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने इथे किल्ला बांधायला घेतला आणि पुढे तटाच्या आत अख्खं शहर वसलं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, सगळ्यांचे मठ होते. 1740 मध्ये कोट मराठ्यांकडे आला, 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. आज अलिबाग-मुरूड रस्ता तटातूनच जातो. एसटीतल्या निम्म्या लोकांना आपण एका जुन्या शहराच्या पोटातून चाललोय याचा पत्ताही नसतो.

इथे माहितगार घ्याच. एक तर जागेवर वाचायला फारसं काही नाही. सातखणी म्हणजे सात खणांचा, मजल्यांचा उंच अवशेष. त्याला सगळे बुरूज म्हणतात, पण तो मुळात फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. हे कोणी सांगितलं नाही तर माणूस त्यात तोफांच्या जागा शोधत बसतो. दुसरं कारण जास्त व्यवहाराचं आहे. बरेचसे अवशेष लोकांच्या खासगी नारळी-पोफळीच्या बागांत आहेत. पहिल्यांदा एकटा गेलो तेव्हा एका बेड्यापाशीच, म्हणजे बागेच्या फाटकापाशीच, मला "कोण पाहिजे?" विचारून परत पाठवलं. दुसऱ्यांदा गावातल्याच माणसाबरोबर गेलो, तर त्याच बेड्यातून आतल्या काकूंनी हाक दिली, "सुपाऱ्या वाळत घातल्यात, कडेकडेने या." पडक्या भिंतींच्या आत, जिथे कधीकाळी प्रार्थना चालत असेल तिथे, केशरी सुपाऱ्या ओळीने पसरलेल्या होत्या. त्यांच्या कडेकडेने, पाय जपून टाकत आम्ही कमानीखाली गेलो.

माहितगार स्थानिकच बघा. शहरातून आलेल्या एका तीसेक जणांच्या घोळक्यात मी एकदा सापडलो होतो. गळ्यात स्पीकर अडकवलेल्या गृहस्थांनी दोन तासांत एकही सन सांगितला नाही, पण इथून भुयार थेट जंजिऱ्याला जातं हे मात्र तीनदा सांगितलं. कोकणातल्या प्रत्येक कोटाखालून भुयार जातं आणि तेही समुद्राखालूनच. घोळका बारा-पंधराचा असेल तर ठीक. त्याहून मोठा झाला की वाऱ्यात मागच्यांना काही ऐकू येत नाही.

चांगला सांगणारा तुम्हाला समुद्राकडे तोंड करून उभं करतो आणि 1508 ची लढाई सांगतो. पोर्तुगिजांच्या पहिल्या व्हाइसरॉयचा मुलगा, लोरेन्सो द आल्मेदा, इथेच, शेजारच्या चौलच्या पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना मारला गेला. तेव्हा किल्ला बांधलाही नव्हता. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला होता. त्याचं स्मारक गावात आहे आणि मुलांना ते फार आवडतं. रशियाहून माणूस आपल्या रेवदंड्याला कशाला आला, हा प्रश्न त्यांना लगेच पडतो.

वेळ उरला तर खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लई. किल्ल्यावर चढा किंवा चढू नका, पण गावातून चालत जा. पोर्तुगीज गेले तरी त्यांची भाषा इथल्या ख्रिस्ती वस्तीत उरली. बोलणारे हजाराच्या आसपास असतील. भाषेला ते "नो लिंग" म्हणतात, म्हणजे आमची भाषा. मराठीच्या शेजारात राहून तिची वाक्यरचनाही बरीच मराठीच्या वळणावर गेली आहे. फक्त "जरा बोलून दाखवा ना" असं म्हणत कोणाच्या ओटीवर जाऊन उभे राहू नका.

तटाची समुद्राकडची बाजू बघायची तर ओहोटी हवी. आमच्याकडचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वा अकराला आणि ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. हाच दिवस धरा. पावसाळ्यात मात्र तिकडे फिरकू नका. दगडांवर शेवाळ असतं आणि झाडोऱ्यात पायाखाली काय आहे ते दिसत नाही.

रत्नागिरीचं तंत्र निराळं. इथे इंग्रज आहेत आणि त्यांच्या खुणा पडक्या नाहीत, नांदत्या आहेत. वॉक म्हणतात खरं, पण थिबा पॅलेस, टिळक आळी, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग हे सगळं पायी करायचं म्हटलं तर चढउतारात पोटऱ्या भरून येतील. दिवसभराची रिक्षा ठरवा आणि पैशांचं आधीच बोलून घ्या.

इंग्रजांना रत्नागिरी सोयीची वाटली ती माणसं लांब ठेवायला, हे ध्यानात घेतलं तर शहर चटकन उलगडतं. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा 1885 मध्ये पदच्युत झाला आणि 1886 मध्ये त्याला इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये, तोवर तो साहेबांच्या बंगल्यांत दिवस काढत होता. राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं राहिला आणि 1916 मध्ये इथेच वारला. वरच्या मजल्याच्या अर्धगोल लाकडी खिडकीतून भाट्याची खाडी दिसते. तिथे उभं राहिलं की सांगणाऱ्याची गरजच उरत नाही. पुढे 1924 ते 1937 सावरकर याच गावात स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर 1931 चं. टिळकांचा जन्म 1856 चा, ते घर आजही कौलारू, नीट जपलेलं. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं बघून निघा.

माहितगार नसला तरी रत्नागिरी अंगावर येत नाही. घरून थोडं वाचून आलात तर पुरतं. असलाच तर थिबाच्या मुलींचं पुढे काय झालं ते त्याला विचारा. थोरल्या राजकन्येचा संसार इथल्याच सावंतांशी जुळला. जुन्या रत्नागिरीकरांपाशी तिच्या लेकीच्या, टूटूच्या, आठवणी आहेत.

वेंगुर्ल्याची डच वखारही लोक सुचवतात. सतराव्या शतकातली आहे, पण आता भिंती आणि झाडोरा. सावंतवाडी-गोव्याच्या वाटेवर असाल तर अर्धा तास द्या, मुद्दाम जाऊ नका.

मग निवड कशी करायची? मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी परतायचं असेल तर रत्नागिरीचा विचारच सोडा, तिथे मुक्काम हवा. गुडघे कुरकुरणारी माणसं सोबत असतील किंवा जून-जुलैत निघालात तर रत्नागिरी, डोक्यावर छप्पर तरी मिळतं. शाळकरी पोरं असतील तर डोळे मिटून रेवदंडा. गेल्या वर्षी मावशीला मी थिबा पॅलेस दाखवला, तर ती खिडकीपाशी अर्धा तास बसून राहिली आणि बाकीचं काही बघायला तयारच होईना. भाच्याला रेवदंड्याला नेलं. तो सातखणीखाली उभा राहून खण मोजत होता आणि सात भरत नाहीत म्हणून माहितगाराशी हुज्जत घालत होता.