डॉ. लागूंची तिरपागडी माणसं: आधी 'सामना' की 'घरौंदा'?

डॉ. श्रीराम लागूंचा जन्म साताऱ्याचा, १९२७ चा. त्यामुळे इकडे त्यांचं नाव निघालं की छाती फुगते आणि गाडी 'नटसम्राट' नि 'पिंजरा'वर येऊन थांबते. हिंदीतले लागू म्हणजे जज, डॉक्टर, नाहीतर नायिकेचे वडील. पण त्यांनी रंगवलेली चक्रम माणसं बघायची असतील आणि हाताशी रविवारची एकच दुपार असेल, तर निवड मुख्यतः 'सामना' नि 'घरौंदा' या दोन सिनेमांत.

'सामना' (१९७५) जब्बार पटेलांचा, लेखन तेंडुलकरांचं. दारूत बुडालेला एक मास्तर गावात येऊन पडतो. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव त्याला कुतूहलापोटी घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. आणि हा पाहुणा यजमानालाच गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दल विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? लागू हा प्रश्न वकिली थाटात टाकत नाहीत. पिणाऱ्याच्या डोक्यात एखादी गोष्ट अडकून बसावी, तसा तो पुन्हापुन्हा तोंडी येतो. त्यामुळे हिंदुरावाला धड रागावता येत नाही, धड हसण्यावारी नेता येत नाही. कराड-इस्लामपूर-सांगली पट्ट्यातल्या प्रेक्षकाला हिंदुराव समजावून सांगावा लागत नाही. चेअरमनसाहेबांची गाडी आली की सावरून उभी राहणारी माणसं आपण पाहिलेली आहेत. अडचण एकच. निम्मा सिनेमा हिंदुराव झालेल्या निळू फुल्यांचा आहे. लागूंसाठी बसाल आणि उठताना निळूभाऊंबद्दल बोलाल.

'घरौंदा'त (१९७७) तसं होत नाही. मुंबईत घरासाठी तडफडणारं जोडपं, अमोल पालेकर आणि झरीना वहाब. लागू तिच्या ऑफिसातले साहेब, मोदी. वयस्कर, श्रीमंत, हृदयविकाराचे रुग्ण. हा काही फार दिवसांचा सोबती नाही, तेव्हा याच्याशी लग्न कर, असं प्रियकरच तिला सुचवतो. आणि लग्नानंतर म्हातारा खंगायचं सोडून टवटवीत होत जातो! दुसऱ्या कुणी याचा लंपट शेठ केला असता, नाहीतर बिचारा. लागूंचा मोदी इतका सभ्य आणि इतका खूश आहे की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. याच भूमिकेला फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, तरी आपल्याकडे 'घरौंदा' म्हटलं की लोकांना गाणीच आठवतात.

माझं मत 'घरौंदा'ला. 'सामना'तला विक्षिप्तपणा बराचसा तेंडुलकरांनी लिहूनच दिलेला आहे. मोदीचा लागूंनी स्वतः कमावलाय. घरातली वडीलधारी मंडळी सोबत असतील, तर मात्र बिनदिक्कत 'सामना' लावा. कारखान्याच्या राजकारणावर चहा होईपर्यंत चर्चा रंगेल.

मृणाल सेनांचा 'एक दिन अचानक' (१९८९) तिसरा. पावसात घराबाहेर पडलेला प्रोफेसर परतच येत नाही आणि घरचे त्याला आठवत बसतात. सुरेख आहे, पण संथ. भरल्या पोटी नको.