मिस्त्री बदलायचा की धरून ठेवायचा?

बाथरूम फोडून पडलंय, कमोड गॅलरीत ठेवलाय, खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये भेटले की छतावरची ओल अजून किती पसरली ते सांगतात आणि मिस्त्री फोन उचलत नाही. अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हाकला त्याला, दुसरा आणा. दुसरा म्हणतो, सुरू त्याने केलंय तर उरकूनही त्याच्याकडूनच घ्या. कुणाचं ऐकायचं, हे काम कुठल्या टप्प्यावर अडकलंय त्यावर ठरतं.

आधी उशीर कशाचा आहे ते बघा. लाद्यांखाली वीटतुकड्यांचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, टाकला की त्यावर निदान आठवडाभर पाणी राहावं लागतं. सीपीव्हीसी (गरम-थंड पाण्याच्या प्लास्टिकच्या) पाइपचे सांधे जोडल्यावर दाब देऊन तपासायच्या आधी साधारण 24 तास तसेच सोडतात. वॉटरप्रूफिंगचा दुसरा हात पहिला सुकल्याशिवाय मारता येत नाही. मग गळती तपासायला नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बंद करून पाणी भरायचं आणि 48 तास थांबायचं. या दिवसांत मिस्त्री तुमच्याकडे येऊन करणार काय? अशा थांबायच्या दिवसांची हजेरी त्याला कुणी देत नाही, म्हणून तो एका वेळी दोन-तीन साइट धरतो. तुमचा कोबा पाण्याखाली असतो तेव्हा दुसरीकडे लाद्या बसतात. तिकडचं काम लांबलं की तुमचं ‘उद्या’ पुढे सरकतं. वैताग येतो, मान्य. पण ही लबाडी नव्हे. कारागीर उत्तर प्रदेश-बिहारकडचे असतील तर होळी आणि छठ, कोकणातले असतील तर गणपती, हे काम ठरवतानाच विचारून घ्यायचं.

तो परत येणार की नाही, हे फोनपेक्षा त्याच्या सामानावरून लवकर कळतं. कटर मशीन, थापी, ओळंबा, लेव्हल पट्टी तुमच्याकडेच पडली असेल तर माणूस येतो. नुसतं घमेलं आणि फाटका गोणपाट उरला असेल तर त्याचा मुक्काम हलला समजा.

धरून ठेवलं तर

मोठा फायदा म्हणजे भिंतीत पाइप कुठून नेलेत ते त्याला माहीत असतं. शिवाय गळती निघाली तर बोट दाखवायला दुसरा कुणी नसतो. तोटा अर्थातच वेळेचा, आणि आपल्या डोक्याला होणाऱ्या तापाचा. तो कमी करायचा तर प्रश्न बदला. ‘कधी येताय?’ याला ‘उद्या नक्की, ताई’ हेच उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी ‘भाऊ, उद्या शॉवरचा डायव्हर्टर बसवणार की लाद्या? मी त्या वेळेला घरी थांबते,’ असं विचारलं की त्यालाही कामाचा विचार करून बोलावं लागतं. पैसे टप्प्याने द्या. उक्तं काम असेल तर निदान शेवटचा हप्ता फिटिंग लागून पाणी चालू होईपर्यंत हातात ठेवा. हातात हप्ता असला की आवाज चढवावा लागत नाही.

नवीन आणला तर

नवीन माणूस दारातच विचारतो, ‘हे कुणी केलंय?’ हा भाव वाढवण्याचा पहिला टप्पा. पण त्याची अडचण खरीही असते: दुसऱ्याच्या वॉटरप्रूफिंगची जबाबदारी शहाणा मिस्त्री घेत नाही. तो म्हणणार, खालपासून उकरू. म्हणजे पुन्हा डेब्रिज (राडारोडा), सोसायटीने तोडफोडीला ठरवलेल्या वेळा, आणि तितकेच दिवस. पाइप कुठे आहेत हे ठाऊक नसल्याने टॉवेल रॉडसाठी मारलेलं ड्रिल थेट पाइपमध्ये जाऊ शकतं. ॲपवरून येणारे प्लंबर नळ, फ्लश टाकी, अँगल कॉकसाठी ठीक. असं अर्धवट काम सहसा अंगावर घेत नाहीत.

म्हणून माझा कौल बहुतेक वेळा धरून ठेवण्याकडे. उशीर, धूळ, न उचललेले फोन, एखादी तिरकी लादी एवढं चालवून घ्यावं. लादी काढून परत बसवता येते.

चालवून घेऊ नये ती घाई. पाणी भरून बघण्याआधी लाद्या लावायला निघालेला मिस्त्री त्याच दिवशी थांबवा. पाणी भरल्यावर भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि दोन दिवसांनी बघा. बाष्पीभवनाने थोडं उतरेल, जास्त उतरलं तर खालच्या काकांकडे जाऊन छत बघून या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेतल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च सभासदानेच करायचा असतो, सोसायटीवर ढकलता येत नाही. गळती दाखवूनही ‘वरून केमिकल मारतो, काय होत नाय’ असं उत्तर आलं, तर मात्र माणूस बदला. लाद्या लागायच्या आत बदललात तर कमी नुकसानीत सुटाल.

बदलताना भांडण टाळा. झालेल्या कामापुरता हिशेब चुकता करा आणि जाण्याआधी पाइपचे फोटो त्याच्याचकडून मापपट्टी धरून काढून घ्या. पैसे देण्याआधी मागितले तर तो अर्ध्या तासात करून देतो. उरलेल्या लाद्यांच्या खोक्यावरचा शेड आणि बॅच नंबर लिहून ठेवा. एकाच डिझाइनच्या दोन बॅच शेजारी लागल्या की रंगात फरक दिसू शकतो, आणि नवा लादीवाला दुकानात जाण्याआधी तोच नंबर विचारेल.