नाइट क्रीमच्या डबीपायी 15,850 रुपये

आधी आकडे सांगते, म्हणजे ‘किती गेले गं?’ हे विचारायचं राहणार नाही. सहा सिटिंगचं पॅकेज 11,500. नाइट क्रीमच्या तीन डब्या, 850 ला एक, म्हणजे 2,550. वर ‘डिटॉक्स फेशियल’ 1,800. एकूण 15,850 रुपये, नववीतल्या लेकीच्या मुरमांपायी, अशा पार्लरवाल्या बाईला दिले जिच्या भिंतीवर चार फ्रेमा होत्या आणि त्यातली एकही डॉक्टरकीची नव्हती.

बाकी तुम्हाला माहीतच आहे. पांढरा कोट, आधीचे-नंतरचे फोटो, ‘ताई, आज भरलं तरच ऑफर’. पंधरवड्यात चेहरा असा नितळ झाला की सोसायटीतल्या दोघी पत्ता विचारून गेल्या. मी दिला. त्याची शरम वेगळीच.

चीड येते ती सहलीनंतरच्या दिवसाची. पोरगी शाळेच्या सहलीला गेली, डबी घरीच राहिली. परतली ती लालबुंद होऊन. गालांची आग, नुसतं पाणी लावलं तरी चरचर. फोन केला तर बाई म्हणते, ‘त्वचेला सवय झालीय ना, खंड पाडू नका. आतली घाण बाहेर पडतेय.’ सवय! तंबाखूची लागते ती सवय. क्रीमची सवय लागते म्हटल्यावर तिथेच चमकायला हवं होतं. उलट मी लेकीलाच ओरडले आणि ते 1,800 भरून आले. डबी तरी कसली, पांढरी प्लास्टिकची, वर बॉलपेनने लिहिलेलं ‘रात्री, मटारएवढी’. कंपनी नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. मी पतसंस्थेत कॅशला बसते, खोटी नोट बोटांना कळते मला. पण लेक आरशावर टॉवेल टाकून बसलेली असताना कोण लेबल वाचतं? तुम्ही वाचलं असतंत? यापुढे वाचा.

शेवटी जिल्ह्याला खऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. गालावर वाढलेली लव आणि बारीक लाल शिरा बघून, डबी उघडायच्या आधीच ते म्हणाले, स्टेरॉइड. मोमेटासोन (हेच ते स्टेरॉइड), हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन अशी तीन औषधांची तिहेरी क्रीम असते, चेहऱ्यावरच्या वांगाच्या डागांसाठी, तीही थोडेच दिवस द्यायची. तीच ट्यूबमधून पिळून असल्या डब्यांत भरतात म्हणे. स्टेरॉइडने सूज दबते म्हणून चेहरा छान दिसतो, थांबवलं की उसळून येतं. 2018 पासून असल्या स्टेरॉइड क्रीमा औषधांच्या ‘शेड्यूल एच’ या यादीत आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. आणि ती ‘घाण’ वगैरे काही नसते. वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेत तेल जास्त सुटतं, छिद्रं बुजतात, बस. सौम्य फेसवॉश दोनदा, फोडायचं नाही, आणि चेहरा शांत झाल्यावर रात्री अडॅपलीन, हे मुरमांवर लावायचं औषध. एवढ्यावर चाललंय आता.

मग तक्रारीची वारी. चौकीत विचारलं, ‘मारहाण झालीय का? नाही ना, मग ग्राहक कोर्टात जा.’ औषधांचं बघणाऱ्या कचेरीत म्हणाले, लेबलच नाही तर हे औषध कशावरून? नमुना दुकानातूनच घ्यावा लागतो आणि साहेब दौऱ्यावर आहेत. बिल आहे का? पॅडच्या कागदावर ‘अॅडव्हान्स मिळाला’ एवढंच. डॉक्टरांची नोंदणी जिथे बघतात तिथलं उत्तर तर मढवून ठेवावं: सदर व्यक्ती डॉक्टर नसल्याने तक्रार आमच्या कक्षेत येत नाही. अहो, ती डॉक्टर नाही हीच तर तक्रार आहे! पालिकेत म्हणे परवाना ब्युटी पार्लरचा आहे आणि चालू आहे, सबब त्यांचं काही म्हणणं नाही. पोच मागितली तर शिक्केवाले जेवायला गेलेले.

रोख देऊ नका. माझे 11,500 यूपीआयने गेले म्हणून पुरावा तरी उरला, डब्यांचे गेले ते गेले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक घेऊन ठेवा. फ्रेममध्ये त्वचारोगाची एम.डी. ही पदवी किंवा डी.व्ही.डी. ही पदविका आणि नोंदणी क्रमांक शोधा, पांढरा कोट कुठेही शिवून मिळतो. अशी डबी घरात असेल तर फेकू नका आणि मनाने एकदम बंदही करू नका, डबीसकट डॉक्टरकडे जा.

पत्ता दिलेल्या दोघींना मी घरी जाऊन सांगितलं. एकीने ऐकलं. दुसरी म्हणाली, ‘मुलीचं लग्न होईपर्यंत चालू दे.’